गोंद लागलेला राणीछाप रुपया: मी केलेला घोळ तुम्ही करू नका

आजोबांनी फेविक्विकने पुठ्ठ्यावर चिकटवून फ्रेम केलेला 1862 चा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, माझ्या हाती आला तेव्हा नाणी जमवायला लागून मला सहाच महिने झाले होते, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायचे दिवस. नाण्यावरचा गोंद कसा काढायचा, असं नवीन पोरं विचारून राहिली म्हणून लिहितो.

पहिले गोंद ओळखा. फेविकॉल कोमट पाण्यात फुगतो, फेविक्विकला अ‍ॅसिटोन, अ‍ॅराल्डाइट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, झाला तर नरम होऊन सुटतो. अ‍ॅसिटोन चांदीला काही करत नाही, पण केमिकलच्या दुकानातलं शुद्धच घ्या, नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात तेल अन् रंग असतो. काचेची, घट्ट झाकणाची बरणी. आणि मे महिन्यात आपल्या नागपुरात हे करत असाल तर बाप्पा, जपून! ते 56 अंशांनाच उकळतं, वाफ लगेच पेटते, गॅस आणि कूलरच्या मोटरपासून लांब बसा.

आता माझा घोळ. एका रात्रीत गोंद पांढरा, मऊ, सायीसारखा झाला आणि माझा हात शिवशिवला. कापसाच्या बोळ्याने हलकंच पुसलं, अगदी हलकंच, शप्पथ. पण त्या गोंदात इतक्या वर्षांची धूळ आणि पुठ्ठ्याची कच अडकलेली असते हो, म्हणजे तुम्ही कापूस नाही, पॉलिश पेपर फिरवता! उजेडात तिरका धरला तर सालाच्या आसपास केसासारख्या बारीक रेघा, आणि त्या कधीच जात नाहीत. आणि याच नाण्यावर तिथेच सगळा खेळ, कारण 1862 हेच साल पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले, 1874 पासून पुन्हा खरं साल यायला लागलं, मधल्या काळातले मुंबई टाकसाळीचे रुपये बारीक टिंबं मोजून ओळखतात. म्हणून पुसू नका. अ‍ॅसिटोन बदला, परत बुडवा, चार दिवस लागले तर लागू द्या. शेवटी ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा, मऊ कपड्यावर ठेवून नुसतं टिपा.

इतवारीत सराफा लाइनीतल्या एका काकांनी 'भांडी घासायची पावडर लाव, चकाचक होते' असं सांगितलं होतं. काका दागिन्यांत हुशार, पण नाणं दागिना नव्हे. व्हिडिओवाल्यांचं अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्यात नाणं बुडवणंही तसलंच, काळपटपणासोबत नाण्याचं वयही धुऊन काढतात.

गोंद निघाला की खाली उजळ ठिपका दिसेल, घाबरू नका, तिथे हवाच लागली नव्हती. बाकीचं नाणं त्याच्यासारखं चमकवायला जाऊ नका, उलट हळूहळू तो ठिपकाच मळेल. कडेला डाग दिसला तर नीट बघा, गळ्यात घालायला लावलेली कडी काढल्याची खूण असू शकते, गोंदाखाली ती लपते. वजन गोंद काढल्यावरच करा: 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना तोळा. झिजलेलं थोडं कमी भरेल, त्यात काही नाही.

माझं 11.5 भरलं, टिंबंही दिसतात. दोन व्यापाऱ्यांना दाखवलं, दोघांनी भिंगातून त्या रेघा पाहिल्या आणि मोडीचा भाव सांगितला. विकलं नाही, कपाटात आहे.