दारू सोडवायची तर पहिला आठवडा दवाखान्यात काढा

रोज दोन-तीन पव्वे पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून दारू बंद करणं हा गावातला जुना उपाय आहे आणि सगळ्यात धोक्याचाही. वर्षानुवर्षं दारू मेंदूला सुस्त ठेवते आणि मेंदू त्यावर मात करायला आपला वेग वाढवून बसतो. दारू एकदम थांबली की तो वेग मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळ होते, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत झटके (फिट) येऊ शकतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर मुंग्या दिसतात, नसलेली माणसं दिसतात, रात्र की दिवस कळत नाही, ताप चढतो. याच टप्प्यावर घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवऋष्याकडे नेतात आणि माणूस हातचा जातो. वेळेत औषध मिळालं तर हा त्रास आटोक्यात येतो.

प्रत्येकाला भरती करावं लागत नाही. पण सकाळी उठल्यावर थरथर थांबवायलाच घोट लागत असेल, आधी कधी दारू थांबवताना झटका आला असेल, कावीळ किंवा रक्ताची उलटी झालेली असेल, किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर घरी प्रयोग नको. दवाखान्यातला पलंग लागतोच. अधूनमधून पिणारा, सकाळी हात न थरथरणारा माणूस ओपीडीतून गोळ्या घेऊन घरी राहू शकतो, सोबत रात्री जागणारं कोणी असेल तर.

जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: रोज किती (देशीचे पव्वे की मोहाची, किती ग्लास), किती वर्षांपासून, शेवटची कधी घेतली, आधीचे झटके, साखर, बीपी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या. डॉक्टर औषधाची मात्रा यावरूनच ठरवतात. ‘थोडीशीच घेतो’ असं सांगितलं तर औषध कमी पडतं आणि झटका वॉर्डात येतो. ‘कोरडा करून न्यावा’ म्हणून दोन दिवस आधीपासून बंद करू नका. धोक्याचे तास मग एसटीत नाहीतर काळी-पिवळीत गाठतात.

कुठं न्यायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा सामान्य रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठणं हा सरळ रस्ता. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय रुग्णालयं, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, हीसुद्धा आवाक्यातली ठिकाणं. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाची तालुक्याच्या गावी व्यसन उपचार क्लिनिकं चालतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने केसपेपर सोबत ठेवा. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून दवाखान्यात गेलं तर पोलीस येतील, ही भीती बऱ्याच घरांना असते. डॉक्टरांना फक्त उपचार करायचे असतात. त्यांच्यापुढे लपवाछपवी नको.

तारीख ठरवताना मुहूर्त बघू नका, वावरातलं (शेतातलं) काम बघा. आठ-दहा दिवस बैलं कोण पाहील, पाण्याची पाळी कोण देईल, हे आधी ठरलं नाही तर चौथ्या दिवशी माणूस ‘फवारणी आली’ म्हणून पळतो. कापसाचा चुकारा (विक्रीचे पैसे) हातात पडायच्या किंवा तेंदूपत्त्याचे पैसे मिळायच्या आठवड्यात सुरुवात नको.

आता औषधाची एक गोष्ट, जी गावच्या खाजगी दवाखान्यात हमखास चुकते. पिणारा अशक्त दिसला की पहिली मागणी सलाईनची. पण पोटात नुसती दारू असलेल्या माणसात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, संपलेलं असतं. तशात ग्लुकोज आधी चढवलं तर उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं आणि डोळे फिरू लागतात, चाल लटपटते, माणूस गोंधळतो. हे लवकर ओळखलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून विचारा: ‘डॉक्टर, आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं का?’ विचारण्यात संकोच नको.

थरथर आणि झटके आवरायला डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, यकृत बिघडलं असेल तर लोराझेपाम. ही औषधं पाच-सात दिवसांत रोज थोडी कमी करत बंद करायची असतात. गोळ्यांची पत्ती घरच्याकडे ठेवा, रोजची तेवढी काढून द्या. पंधराव्या दिवशीही तीच गोळी मेडिकलमधून येत असेल तर दारूच्या जागी दुसरं व्यसन लागतंय. यावर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो.

झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली कापड द्या. चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. १०८ लावा. मे महिन्यात सुरुवात असेल तर घाम आणि उलट्यांनी शरीर लवकर कोरडं पडतं, ओआरएस जवळ असू द्या.

आठवडा पार पडला म्हणजे काम झालं असं मानून बहुतेक घरं तिथंच थांबतात, आणि पिणं परत सुरू होतं ते नंतरच्या तीन महिन्यांत. पुढं किमान वर्षभर डॉक्टरकडे जावं लागतं, सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. नाल्ट्रेक्झोनची गोळी दारूतली मजा कमी करते. मात्र ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर ती चालत नाही. अकॅम्प्रोसेट ओढ कमी करतं, पण मूत्रपिंड धड आहे का ते पाहून. तिसरं डिसल्फिराम. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती भरून येते, रक्तदाब कोसळतो. भीती हेच त्याचं बळ आहे, म्हणून पिणाऱ्याला कळवून आणि त्याच्या संमतीनंच ते द्यावं. ‘न सांगता भाजीत मिसळा’ म्हणून विकली जाणारी पुडी आणू नका. आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि डिसल्फिराम असेल तर हृदय कमजोर असलेला माणूस दगावू शकतो. डिसल्फिरामची गोळी दारू थांबल्यावर किमान १२ तासांनी सुरू होते आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. त्या काळात आसव-अरिष्ट, काही खोकल्याची औषधं, टॉनिक यांतला अल्कोहोलही नडतो. वैद्याकडून द्राक्षासव आणून पाजणारी घरं आहेत!

याच महिन्यांत मन खचतं, झोप उडते, कर्जाचे आकडे दिसू लागतात. तेव्हा कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. ‘जगण्यात काय राहिलं’ अशी भाषा आली तर त्याच दिवशी १४४१६. चुकारा बँकेत जाऊ द्या, हातात रोकड आठवड्याच्या बाजारापुरती. जुन्या पानठेल्यावरून जाणारी वाट काही दिवस सोडा. लग्नात आणि पोळ्याला सोबत एक न पिणारा माणूस द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मोफत सभा भरतात, बायकोसाठी अल-अॅनॉन हा घरच्यांचा गट. आमच्या मते औषधाइतकीच ही गोष्ट टिकवते.

खाजगी केंद्रात ठेवायचं तर आधी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खालचं नोंदणीपत्र पाहा, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा आणि महिन्याची फी लेखी घ्या. ‘रात्री गाडी पाठवतो, उचलून आणतो’ म्हणणारं, भेटू न देणारं किंवा बांधून ठेवणारं केंद्र नको. साखळीनं बांधायला त्याच कायद्यात बंदी आहे. माणूस तयार नसेल तेव्हा ‘आधाराने भरती’ची (त्याच्या वतीनं दुसऱ्यानं अर्ज करून) तरतूद आहे, पण दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर आणि सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच.

परत प्यायला तर? डिसल्फिराम त्या दिवशी देऊ नका आणि डॉक्टरला कळवा. नाल्ट्रेक्झोन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुन्या मापानं प्यायला तर जीवावर बेतू शकतं.

दारूसोबतच्या इतर व्यसनांचं थोडक्यात. गांजा बंद केल्यावर चिडचिड आणि झोप न येणं दोन आठवडे चालतं, जीवाला धोका नसतो. पण संशय घेऊ लागला, कानात आवाज येऊ लागले तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. झोपेच्या गोळ्या मात्र एकदम तोडू नका, दारूसारखेच झटके येतात. डॉक्टर त्या आठवड्यांच्या हिशेबानं कमी करतात. खर्ऱ्यासाठी (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) १८००११२३५६ वर मोफत सल्ला मिळतो. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा पांढरा चट्टा तीन आठवडे बरा होत नसेल तर आधी दंतवैद्य.