आधी वस्ताद ठरवा, फॉरवर्ड नंतर बघू

पाऊस ओसरला, दसरा झाला की पेठेत एकच चर्चा: यंदा फुटबॉल संघात फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा, कोण आणायचा? कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, सगळीकडे तेच. दिवाळीनंतर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगची शिट्टी वाजेल, त्याआधी खेळाडूंची नोंदणी, आणि मग मे महिन्यापर्यंत एकामागोमाग एक चषक. मधे श्वास घ्यायला जागा नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय. मंडळात मला कसलंही पद नाही. वर्गणी भरतो आणि प्रेक्षक गॅलरीतून ओरडतो, एवढाच माझा अधिकार. आमच्याकडं फुटबॉल संघ तालमींचेच. कुठल्या तालमीचा समर्थक ते सांगत नाही, कारण यातलं निम्मं सगळ्याच तालमींना लागू आहे आणि उरलेल्या निम्म्यावरून आमच्याच लोकांना राग येणार आहे.

यादीत पहिला येतो प्रशिक्षक. त्यातही नाव नंतर, अधिकार आधी. अकरा जण कोण खेळणार, बदली कोण आणि केव्हा जाणार, सरावाला न येणाऱ्याला बसवायचं की नाही, या तीन गोष्टी फक्त प्रशिक्षक ठरवेल, असं बैठकीत एकदा कागदावर लिहून घ्या आणि त्याखाली सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. गेल्या हंगामातला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बरोबरीचा सामना, शेवटची वीसेक मिनिटं. प्रशिक्षकानं उजव्या बाजूच्या पोराला तयार व्हायला सांगितलं. पोरगं जाकीट काढून, मोजे वर ओढून, रेषेजवळ उभं. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याला कशाला? आपल्या गल्लीतल्याला घाल की!" प्रशिक्षकानं मागं बघितलं, पोरानं प्रशिक्षकाकडं बघितलं, चौथा पंच पाटी हातात घेऊन दोघांकडं बघत राहिला. शेवटी गेलं ते तिसरंच पोर. सामना आम्ही हरलो, पण मला हरल्यापेक्षा ते उभं राहिलेलं पोर जास्त लागलं. पुढच्या तीन सरावांना ते आलंच नाही, आणि त्याला बोलायला कुणाची जीभ उचलणार?

आपली मंडळं मुळात तालमी आहेत. तिथल्या आखाड्यात कुठल्या मल्लाला कुणाशी लढवायचं हे वस्तादाला कुणी शिकवायला गेलं असतं, तर त्याला लाल मातीतून उचलून बाहेर ठेवलं असतं. फुटबॉलच्या बाकावर मात्र आपल्याकडं सात वस्ताद बसतात.

आता माणूस कसा निवडायचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा डी परवाना ही सुरुवातीची पायरी, त्यावर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. आपल्या पातळीला सी किंवा बी परवान्याचा, पण वर्षभर गावात राहणारा माणूस मिळाला तर बघा. नुसता मोठा परवाना घेऊन सामन्यापुरता गाडीतून उतरणारा नको. त्याला तो कुठं कुठं खेळला हे विचारण्यात वेळ घालवू नका. पहिल्या सामन्याआधीच्या सहा आठवड्यांत काय करून घेणार, ते आठवड्यागणिक सांगा म्हणावं. ज्याला सांगता येत नाही त्याला चहा पाजून निरोप द्यावा. प्रशिक्षक खालिद जमीलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. बरीच वर्षं मुंबई एफसी हा क्लब सांभाळल्यावर ती नोकरी गेली, तर गडी मिझोरामला आयझॉल एफसीकडं गेला. आदल्या हंगामात खाली घसरलेला आणि मग परत घेतलेला संघ, पैसा कमी, मोठी नावं नाहीत. 2016-17 ला त्याच संघानं आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची अव्वल लीग, जिंकली. मुंबईत सोडून दिलेले काही खेळाडू त्यानं तिकडं नेले होते, कारण कोण काय करू शकतो हे त्याला ठाऊक होतं. ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. खेळाडू पारखायचं काम ज्याचं त्याला करू दिलं की काय होतं, त्याचा हा जिताजागता पुरावा.

यादीत दुसरा येतो गोली, म्हणजे गोलरक्षक. इथं मी जरा रेंगाळणार, कारण आपले चषक गोलीमुळं येतात आणि गोलीमुळंच जातात. बाद फेरीचे बरेच सामने टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टी मारून निकाल लावायला, जातात, तरी सरावात गोलीला काय मिळतं? सगळे फॉरवर्ड ओळीनं उभे राहून त्याच्यावर चेंडू हाणतात, त्यालाच आपण गोलीचा सराव म्हणतो. तो फॉरवर्डचा सराव झाला. गोलीला हवेतला चेंडू गर्दीत पकडायचा सराव लागतो, पुढं यायचं की रेषेवर थांबायचं याचा निर्णय घ्यायचा सराव लागतो, पायानं खेळ सुरू करायचा सराव लागतो. दोन खांबांमध्ये 7.32 मीटर अंतर असतं. नुसत्या उडीनं ते भरत नाही, उभं कुठं राहायचं ते कळावं लागतं. आठवड्यातून दोन दिवस तरी त्याच्यासाठी वेगळा प्रशिक्षक ठेवा. गावात जुने, चांगले गोली घरी बसून आहेत, मान देऊन बोलवा, येतील. दुसरं, नवा नियम त्याच्या डोक्यात पक्का करा. जुलै 2025 पासून गोलीनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो. पंच शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात. एक गोलनं पुढं असताना चेंडू कवटाळून बसायची आपल्या गोलीची सवय जुनी आहे, ती सरावातच मोडा. आणि दुसरा गोली खराखुरा हवा. नोंदणीची संख्या भरायला घेतलेला भाऊबंद नको.

बचावफळीत डाव्या बाजूला डाव्या पायाचा माणूस हवा. गेली दोन वर्षं आपण उजव्या पायाच्या पोराला तिथं राबवतोय. तो चेंडू आत वळवून घेईपर्यंत समोरचा अंगावर येतो, मग उरतो एकच उपाय, चेंडू प्रेक्षकांत. आपल्या ज्येष्ठ स्टॉपरविषयी, म्हणजे मधल्या बचावपटूविषयी, लिहिताना हात आखडतो, त्यानं पेठेला खूप दिलंय. पण वळून धावताना आता तो दोन पावलं मागं पडतो आणि ऑफसाइडची रेषा त्याच्यापाशी तुटते. त्याला या वर्षी डी परवान्याला पाठवावं, फी मंडळानं भरावी, आणि हंगामात अर्धे सामने खेळवावं. हे त्याला तोंडावर सांगायचं काम प्रशिक्षकाचं. समाजमाध्यमावर पोस्टर टाकून निरोप द्यायचा आणि गडी घरी बसून ते बघणार, असं करू नका.

मध्यफळीबद्दल फार लिहीत नाही. दोघं चांगले आहेत, तिसरा हवा, आणि तो चेंडू हिसकावणारा हवा. नाहीतर यंदाही गोलीकडून थेट पुढं उंच चेंडू आणि मग देवाची इच्छा.

आता फॉरवर्ड. बाहेरचे खेळाडू किती चालतात ते यंदाच्या नियमपत्रकात आधी वाचा, मग फोन फिरवा. उलटं केलं की आणलेला माणूस बाकावर बसतो आणि त्याच्या खोलीचं भाडं वर्गणीतून जातं. आफ्रिकेतून आलेले काही खेळाडू इथं खरंच मन लावून खेळले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. माझा विरोध त्यांना नाही. विरोध आहे तो चलचित्रातले चार गोल बघून माणूस ठरवण्याला. तीन दिवस सरावाला बोलवा, आपल्याच स्टॉपरांसमोर खेळवा, प्रशिक्षकाला विचारा. कागदपत्रं, व्हिसा, नोंदणी, आधीच्या क्लबची मोकळीक हे सगळं एका माणसाच्या गळ्यात घाला आणि त्याचं नाव बैठकीच्या वहीत लिहा. जेवणाचंही बघा. परक्या गावात आलेल्या पोराला रोज मेसचा तांबडा-पांढरा रस्सा चालतोच असं नाही. आणि शेजारच्या पेठेचा खेळाडू फोडायचा विचार असेल तर एवढंच म्हणेन: जो हंगामाच्या तोंडावर त्यांना सोडून आला, तो पुढच्या वर्षी आपल्यालाही सोडणार. तेवढ्या पैशात चार आपली पोरं वर्षभर सांभाळता येतात.

आपल्या पोरांवरून आठवलं. वीस वर्षांखालच्यांपैकी निदान चार जण मुख्य संघाबरोबर सरावाला हवेत, आणि लीगच्या सामन्यांत त्यांना खरी मिनिटं मिळाली पाहिजेत. तीन-शून्यनं पुढं असताना शेवटची दोन मिनिटं देऊन उपकार केल्यासारखं नको. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. तसं पोर आपल्या बोळात आत्ता नसेलच कशावरून? फक्त परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवा. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, तेव्हा हंगाम ऐन रंगात. कोण कधी मोकळा नाही हे नोंदणीच्या दिवशीच लिहून घेतलं, तर सामन्याच्या सकाळी आईची समजूत काढायला चार कार्यकर्ते घरी पाठवावे लागत नाहीत.

तब्येतीचं सांगतो. सामन्याआधी मैदानाला दोन फेऱ्या आणि जागेवर उड्या, याला आपण अंग गरम करणं म्हणतो. फिफानं वीसेक मिनिटांचा एक क्रम तयार केलाय, त्याला 'अकरा प्लस' म्हणतात. आधी हळू धावणं, मधे ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगात धावणं. साहित्य काही लागत नाही, चेंडू असला की झालं. नॉर्वेत अठराशेहून जास्त मुलींवर केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. हा क्रम पाळणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी भरल्या. आठवड्यातून दोनदा तरी करायचा, आणि तोही पहिल्या दिवसापासून. गुडघा गेल्यावर बर्फाची पिशवी धरून उपयोग नाही. तरी बर्फ, पट्ट्या आणि फिजिओ बाकावर हवाच. डोक्याला मार लागून पोरगं भांबावलं तर त्याला बाहेर काढायचं, मग ते कितीही "मी बरा हाय" म्हणू दे, आणि सामना कुठलाही असू दे. एप्रिल-मेच्या दुपारी पाणी एका जागी ठेवू नका, दोन्ही बाजूंच्या रेषांजवळ बाटल्या ठेवा. बुटांसाठी मंडळानं थोडे पैसे बाजूला काढावेत. सोल सुटलेला बूट चिकटपट्टीनं गुंडाळून खेळणारा आपला विंगर मी बघितलाय.

एक साधी वही करा. कुणाला पिवळं कार्ड कधी, लाल कुणाला, बंदी किती सामन्यांची, पुढचा सामना कोण चुकवणार. हे काम शांत डोक्याच्या माणसाला द्या, आणि तो माणूस सामन्यात ओरडणारा नसावा. बदली खेळाडू किती चालतात, सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ आहे की थेट टायब्रेकर, हे प्रत्येक चषकाच्या पत्रकातून त्याच वहीत उतरवा. एक गडी तिवईवर मोबाईल लावून संपूर्ण सामन्याचं चित्रण करेल एवढं बघा. गोल झाल्यावर कॅमेरा गॅलरीकडं फिरवणारा गडी नको, नाहीतर प्रशिक्षकाच्या हाती फक्त आपण नाचलेलो लागतो.

टायब्रेकरची यादी सामन्याच्या आधी लिहा. मैदानाच्या मध्यात घोळका करून "तू मारतोस का, तू मारतोस का" चालतं, तिथंच निम्मा सामना जातो. सरावाच्या शेवटी, पाय जड झालेले असताना, 11 मीटरवरून रोज प्रत्येकी दोन मारायच्या आणि वहीत गोल किती, हुकल्या किती ते लिहायचं. महिन्याभरात पहिले पाच आपोआप ठरतात. सहावा, सातवासुद्धा ठरवून ठेवा, पहिल्या पाचांत निकाल लागला नाही तर सडनडेथला बाहेरच्या फॉरवर्डच्या आधी आपला लेफ्ट बॅक लागू शकतो. गोलीला सांगा, चेंडू मारेपर्यंत एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या सरळ वर हवेत किंवा रेषेच्या मागं हवा. अडवलेली पेनल्टी त्यापायी परत मारायला लागली तर दोष पंचाला देऊन काही मिळत नाही.

राहिलो आम्ही, गॅलरीतले. हुल्लडबाजीनं सामने थांबलेत, दंड बसलेत, आणि घरातल्या बायका-पोरी स्टेडियमला यायला बिचकतात. समर्थकांतले दहा जण प्रत्येक सामन्याला गॅलरीत पुढं उभे राहतील आणि बाटली उचलणाऱ्याचा हात आधी तेच धरतील, ही नावं मी बैठकीत देतो. त्यात पहिलं माझं लिहा. पंचाला शिव्या घालायच्या नाहीत असं कबूल करत नाही, तेवढं जमणार नाही, पण आवाज गॅलरीतच राहील आणि वस्तू हातातच. बैठक कधी लावताय ते कळवा. नोंदणीच्या आधी लावा म्हणजे झालं, आणि प्रशिक्षकाला त्या बैठकीला बोलवायला विसरू नका. गेल्या वेळी त्याला संघ कुणाकुणाचा झाला हे दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं होतं.