नागीण की कांजिण्या? अंगावरचे फोड कसे ओळखावेत

फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-मखमलाबादकडे द्राक्षांची तोडणी जोरात असते, आणि त्याच सुमारास नाशिकच्या शाळांतून पोरांना कांजिण्या येतात. घरात कुणाच्या अंगावर पाणीदार फोड दिसले की पहिला आळ फवारणीच्या औषधावर किंवा उन्हावर जातो. त्याआधी एवढं बघा.

१. माणसाला उजेडात उभं करून पाठ-पोट नीट पाहा. फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात आलेत का? पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन पोटाच्या मध्याशी थांबलेत का? तर बहुधा नागीण. कांजिण्या छाती, पाठ, चेहऱ्यावरून अंगभर पसरतात, अगदी केसांत आणि तोंडातही.

२. मग तळहाताएवढी जागा जवळून निरखा. कांजिण्यांत तेवढ्यातच लाल पुळी, टपोरा फोड आणि सुकलेली खपली एकत्र दिसते, कारण तीन-चार दिवस नवे फोड येतच राहतात. नागिणीत लालसर कातडीवर फोड द्राक्षांच्या घडासारखे दाटीने येतात.

३. खाजतंय की दुखतंय, ते विचारा. कांजिण्यांना खाज फार, सोबत ताप. नागिणीत आग आणि ठणका, तोही बऱ्याचदा फोडांच्या दोन-तीन दिवस आधीपासून. कॅरेट उचलताना कंबर भरली असं समजून माणूस बाम चोळत बसतो, आणि मग तिथेच फोड उठतात. अंगाला सदरा घासला तरी सहन होत नाही, ही तक्रार ऐकली की माझा कौल नागिणीकडे.

४. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि पन्नाशीनंतर किंवा प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन उठतो.

५. नागीण वाटली तर थेट डॉक्टर गाठा. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी, आणि गेरूचा लेप, उतरवणं यातच हे तास जातात. नागिणीचा अंगाभोवती वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हे खोटं आहे. खरी भीती डोळ्याची: कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. फोड दोन्ही बाजूंना पसरले तरी थांबू नका.

६. नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवा, गरोदर सुनेला आणि तान्ह्या बाळाला लांब ठेवा. कांजिण्या तर हवेतूनही पसरतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पोराला शाळेत पाठवू नका, नखं कापा, आणि तापाला ॲस्पिरिन अजिबात नको. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.