चकतीच्या फोनवरून आठवणी काढताना

वडीलधाऱ्यांकडून जुन्या टेलिफोनच्या आठवणी टिपून घ्यायच्या असतील, तर प्रश्नांची सरबत्ती करण्याऐवजी माळ्यावरचा चकतीचा काळा फोन पुसून त्यांच्यासमोर ठेवावा आणि सोलापूरचा ०२१७ हा कोड फिरवायला सांगावे. शून्याला दहा स्पंदने (लाइनवर जाणारे विजेचे ठोके) लागतात, म्हणून चकती सर्वांत लांबून करकरत परतते. तिला बोटाने ढकलू नये. त्या आवाजावरच आमच्या वडिलांना नवी पेठेतल्या शेजाऱ्यांकडे पुण्याचा ट्रंक कॉल (ऑपरेटरने जोडून दिलेला परगावचा फोन) नोंदवून, तीन मिनिटांत बोलायचे मुद्दे चिठ्ठीवर लिहून बसलेली संध्याकाळ आठवली. कॉल साधा, अर्जंट की लाइटनिंग (सर्वांत तातडीचा), हे अवश्य विचारावे. दर चढत जाई, त्यामुळे उत्तरात घरची परिस्थितीही येते. ध्वनिमुद्रण मात्र (मी केले तसे) गुपचूप करू नये.