खाडीकाठचा रस्ता सरकतो तेव्हा: आखणीत आणि जमीन-बदलीत या चुका टाळा

बाळकुम ते गायमुख हा सुमारे 13 किलोमीटरचा खाडीकिनारी मार्ग असो, खारघर-बेलापूरचा असो की उलव्याचा, आखणीचा नकाशा गावात आला की पहिला प्रश्न एकच असतो: "आपली जागा जाते का?" दुसरा प्रश्न खरं तर जास्त महत्त्वाचा आहे, पण तो फार थोडे लोक विचारतात: "आखणी बदलली तर आपल्या कागदांचं काय?"

माझं आयुष्य मोजणीत गेलं. त्या अनुभवावरून सांगतो. रेषा दहा मीटर सरकली की गट नंबर बदलतात, परवानग्या बदलतात, पाण्याच्या वाटा बदलतात. कागद मात्र जुन्याच रेषेवर बसून राहतात. माझ्याकडे लोक ज्या भानगडी घेऊन येतात, त्यातल्या बहुतेक या मागे राहिलेल्या कागदांच्या असतात.

नकाशावरची रेघ म्हणजे हद्द, असं धरून चालणं

किनारा व्यवस्थापनाचे नकाशे 1:25,000 या प्रमाणात असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जागेवर 25 मीटर होतो. पेन्सिलीच्या जाड टोकाखाली एखाद्याचं अख्खं खाचर झाकलं जाईल एवढा हा फरक आहे. म्हणून त्या नकाशावर बोट ठेवून "आपण वाचलो" असं कोणी म्हणालं, तर ते गृहीत धरू नका. भरतीरेषा दाखवणारा 1:4,000 प्रमाणातला स्थानिक नकाशा मागा. त्यावर गावनकाशा चढवलेला असतो, त्यामुळे गट नंबरनिहाय स्थिती कळते. तिथेही एक मिलिमीटर चार मीटरचा असतो, हे विसरू नका. शेवटचा शब्द संयुक्त मोजणीचा, म्हणजे भूमी अभिलेख, प्रकल्पाचे लोक आणि खातेदार यांनी जागेवर एकत्र केलेल्या मोजणीचा.

संयुक्त मोजणीची नोटीस आली आणि त्या दिवशी गैरहजर राहिलं, ही मी पाहिलेली सर्वांत महागाची चूक. खाडीकाठी हद्दीचे जुने दगड चिखलात गाडले गेलेले असतात. एका गावात आम्ही ओहोटीला सकाळी मोजणी सुरू केली होती. बांधावर बसलेले एक आजोबा मला म्हणाले, "सायेब, उधानाला या, मंग दगड ठेवा." अमावस्येनंतर पुन्हा गेलो. आम्ही कोरडी म्हणून खुणा केलेल्या पट्ट्यात घोट्याच्या वर पाणी होतं आणि बांधाच्या आतल्या बाजूला तिवराची कोवळी रोपं उभी होती. रेषा आत सरकवावी लागली. त्या आजोबांचं म्हणणं पंचनाम्यात आलं, ते हजर होते म्हणूनच.

तिवरं दिसली की प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवनाभोवती, म्हणजे तिवरांच्या जंगलाभोवती, 50 मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. सार्वजनिक प्रकल्पासाठी तोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय बरीचशी कांदळवनं राखीव वन म्हणून अधिसूचित झाली आहेत, त्यामुळे 1980 च्या वनकायद्याखालची मंजुरीही लागते. आखणी सरकवली आणि जुन्याच मंजुरीवर काम रेटलं, तर ते अडकणारच. नव्या आखणीसाठी मंजुरीत दुरुस्ती घेतली का, हे पत्र लिहून विचारा.

नवी रेषा आली, जुनी पुसलीच नाही

विकास आराखड्यातला रस्ता सरकवायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल होतो. सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींना एक महिना मिळतो. लोक नव्या रेषेवर हरकती घेण्यात गुंततात. ज्यांच्या जमिनीतून रस्ता निघून गेला, ते "सुटलो" म्हणून घरी बसतात.

आणि मग दहा वर्षांनी घर बांधायला नकाशा टाकला की कळतं, आराखड्यात जुन्या रस्त्याचं आरक्षण जसंच्या तसं आहे.

म्हणून फेरबदलाची सूचना दोन्ही बाजूंनी वाचा. "अमुक गटातून रस्ता नव्याने दर्शवणे" हे वाक्य आहे, तसं "तमुक गटातून रस्ता वगळणे" हेही आहे का? आणि वगळलेला पट्टा कोणत्या झोनमध्ये जाणार, ते लिहिलं आहे का? नसेल तर महिन्याच्या आत लेखी सूचना द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः उभे राहा. तुमच्या फायद्याच्या बदलावरही सूचना देता येते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

रस्ता झाला की आतली जमीन बांधकामाला मोकळी, हा समज

हा समज पसरवणारे दलाल खाडीकाठी फिरतात, आणि त्यावर लोकांनी सौदे केलेले मी पाहिले आहेत. किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 आणि 2019 या दोन्ही अधिसूचनांत साफ लिहिलं आहे: आधीच्या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला नवा रस्ता बांधला, तर केवळ त्या नव्या रस्त्याच्या आतल्या बाजूला येते म्हणून जमिनीला इमारतीची परवानगी मिळत नाही. हे कलम वाचल्याशिवाय विसार घेऊ नका, देऊही नका.

गुंठ्याला गुंठा

आता जमीन-बदलीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

माझ्या ओळखीच्या एका काकांनी खाडीलगतचे 14 गुंठे रस्त्याला दिले आणि आत 14 गुंठे बदली घेतले. आकडा जुळला, मन भरलं. पहिल्यांदा जागा पाहायला गेलो तेव्हा आम्ही दोघे. वरून उच्चदाबाच्या तारा, एका कोपऱ्यात मनोऱ्याचा पाया, आणि आत जायला दुसऱ्याच्या भाताच्या बांधावरून वाट. काका मुठीत माती धरून उभे राहिले. त्यांनी जागा आधी पाहिली नव्हती, नकाशा पाहिला होता. ताबा मात्र साध्या स्टॅम्प पेपरवर देऊन टाकला होता, आणि आठवड्याभरात त्यांच्या जुन्या जमिनीत भराव पडला. त्यानंतर किती तरी काळ जुना सातबारा त्यांच्या नावावर होता पण जमीन नव्हती, आणि नवी जमीन होती पण सातबारा नव्हता.

क्षेत्राआधी पाहायचं ते असं.

सातबाऱ्यावरचा भूधारणा प्रकार. तुम्ही वर्ग 1 ची जमीन देता आणि बदल्यात वर्ग 2 ची मिळते का? वर्ग 2 म्हणजे पुढे विकताना, बदलताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. नवी मुंबईत याचंच दुसरं रूप आहे: सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे भूखंड बहुतेक 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. वडिलोपार्जित मालकीची जमीन देऊन भाडेपट्टा घ्यायचा असेल तर ते डोळे उघडे ठेवून घ्या. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचा अनुभव असलेल्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग "इतर हक्क" हा रकाना. कूळकायद्याच्या कलम 43 चा शेरा असेल तर अदलाबदलीलाही पूर्वपरवानगी लागू शकते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ पाहावं लागतं. आणि बदल्यात दाखवलेली "सरकारी" जमीन गायरान आहे का? कलम 22-अ ने गायरानाच्या वापरावर कडक बंधनं घातली आहेत. ती वनखात्याकडे वर्ग झाली आहे का, हेही विचारा. मला दाखवल्या गेलेल्या बदली जमिनींपैकी काही तर जागेवर चक्क कांदळवन होत्या.

किंमत. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी जमीनदराचा, विभाग बदलला की गुंठ्याला गुंठा या हिशोबाला अर्थ राहत नाही. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्कही दोन्हींपैकी जास्त किमतीच्या मालमत्तेवर लागतं. ते कोण भरणार, हे आधी लिहून घ्या.

दस्त नोंदणीकृतच हवा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 119 तुमच्या बाजूचं आहे: बदल्यात मिळालेल्या मालमत्तेचा हक्क समोरच्याकडे नव्हताच असं निघालं, तर नुकसानभरपाई किंवा आपली जमीन परत मागता येते. पण स्टॅम्प पेपरवरच्या ताबा पावतीने हा आधार मिळत नाही. क्रम असा ठेवा: दोन्ही जमिनींची हद्द कायम मोजणी, नोंदणीकृत दस्त, दोन्ही फेरफार मंजूर, आणि मग ताबा. "काम थांबलंय, ताबा आधी द्या" असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

अदलाबदल नकोच असेल तर तसं म्हणा. नगररचना अधिनियमाच्या कलम 126 खाली टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटई क्षेत्राचा पर्याय असतो, आणि 2013 च्या कायद्याखाली भूसंपादनाचा रोख मोबदला असतो.

उघाडी विसरणं

खाडीलगतच्या शेतीला खारबांध आणि उघाडी असते. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी, आतलं पाणी बाहेर. रस्त्याचा भराव या बांधावर किंवा त्याला समांतर येतो आणि उघाडीच्या जागी पाइप टाकला जातो. पाइपचा तळ जुन्या उघाडीच्या तळापेक्षा वीतभर जरी वर राहिला, तरी आतल्या खाचरात तेवढं पाणी कायमचं साचतं. जुलैत 4.5 मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की हे पाणी घरांत शिरतं. नवी मुंबईचे धारण तलाव याच हिशोबावर चालतात.

उलटंही होतं. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याचा प्रश्न 2024 मध्ये फ्लेमिंगो मेले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी आला. आखणी सरकते तेव्हा गावातल्या प्रत्येक उघाडीची जागा, रुंदी आणि तळाची पातळी लिहून, फोटोसह द्या. ही यादी गावाशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसते.

मच्छीमारांना सातबारा नाही म्हणून वगळणं

कोळीवाड्याची वहिवाट कागदावर नसते, म्हणून ती यादीत येत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने वाशीच्या मच्छीमारांचा पारंपरिक मासेमारीचा हक्क मानला आणि भरपाईची वाट मोकळी केली. वरळीत कोळी बांधवांनी धरून ठेवलं म्हणून सागरी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांतलं अंतर 60 चं 120 मीटर झालं. होड्यांची वाट, जाळी सुकवण्याची जागा, जेट्टी हे सारं आखणीच्या सुनावणीतच मांडा.

चूक होऊन गेली असेल तर

मोजणी मान्य नसेल तर वरच्या कार्यालयाकडे मुदतीत अपील करा. पाऊस लागला की खुणा जातात, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. सातबाऱ्यात क्षेत्र चुकीचं उतरलं असेल आणि ती लेखनातली चूक असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागा. संपादित क्षेत्र वजा झालेलं नसेल तर भूमी अभिलेखाकडे कमी-जास्त पत्रकाची, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणाऱ्या पत्रकाची, मागणी करा. तोपर्यंत उरलेली जमीन विकायला काढू नका. ताबा देऊन बसला असाल आणि दस्त झाला नसेल, तर ताबा पावतीची प्रत, पंचनामा आणि भरावाचे तारखेसह फोटो एकत्र करून भूसंपादन अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. काकांच्या फेरफाराची नोंद अशाच एका अर्जानंतर हलली. मनोऱ्याखालची जागा वगळून वाटेसह दुसरे 14 गुंठे मिळावेत, हा त्यांचा अर्ज अजून चालू आहे, आणि पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.