काळारामाचे चार दरवाजे कसे रंगवावेत

पंचवटीतल्या काळाराम मंदिराचं चित्र काढायचं म्हटलं की हात आपसूक शिखराकडे जातो. गोदाघाटावर लँडस्केप करत वाढलेल्या आम्हा नाशिककरांचा तर नक्कीच. पण देवळाची सत्ता दाखवायची असेल तर शिखर सोडा, दरवाजा घ्या. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा देवळाचे दरवाजे लावून घेतले गेले आणि लोक चारही दरवाज्यांसमोर ठाण मांडून बसले.

स्केच उभ्याने करू नका. बाहेर जमिनीवर बसा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असते. क्षितिजरेषा तिथेच आखा. जमीन सपाट धरली, तर बसलेल्या सगळ्यांचे डोळे त्या रेषेवर येतात. लांबची डोकी लहान होतील, पण डोळे रेषा सोडणार नाहीत. पोलीस मात्र उभा आहे. रेषा त्याच्या मांडीशी, बाकी सगळा तो वर. कोणाची सत्ता कोणावर, ते इथेच दिसतं. मला या एका रेषेत अख्खा सत्याग्रह दिसतो.

भिंतीच्या उभ्या रेषा सरळच ठेवा. वर निमुळत्या केल्यात की देऊळ भव्य होतं, आणि दिपलेला प्रेक्षक हात जोडून पुढे जातो. त्याला दारापाशी अडकवायचंय.

दगड काळा म्हणून ट्यूबमधला काळा लावू नका, तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एक भाग. ऊन पडतं तिथे किंचित यलो ऑकर. दाराचं लाकूड याच मिश्रणात अंबर वाढवून करा, म्हणजे दार भिंतीसारखंच घट्ट वाटेल.

बाबासाहेबांचा चेहरा घालायचा मोह होईल. मी घालत नाही. उन्हात बसलेली माणसं काढा, त्यांत बायाही होत्या. पाठमोरे पदर, फेटे, कडेला कापले गेलेले खांदे. बघणारा त्यांच्यातलाच एक झाला पाहिजे.

दरवाज्यागणिक एक, असे 3 बाय 4 फुटांचे चार कॅनव्हास. खोलीच्या चार भिंतींवर टांगलेत तर प्रेक्षक थेट आवारात पोचेल, आणि त्याला तर दाराबाहेरच ठेवायचंय! म्हणून खोलीच्या मध्यावर लोखंडी स्टँडवर त्यांचा चौकोन करा, चित्रं बाहेरच्या बाजूला. क्षितिजरेषा फरशीपासून अडीच फुटांवर येऊ द्या आणि चारही बाजूंना सतरंज्या अंथरा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बुटके पाट ठेवा.