फ्लॅश की नॅचरल लाइट? पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

‘मी फक्त नॅचरल लाइटवर काम करतो’ असं अभिमानाने सांगणारा नवखा भेटला की मी त्याला फ्लॅश मॅन्युअलवर (ताकद स्वतः ठरवून) लावून दाखवायला सांगतो. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. फ्लॅश जमत नाही याला स्टाइल म्हणत नाहीत, बाबांनो. आणि नवा फ्लॅश घेतला म्हणून खिडकीशी छान उजेडात बसलेल्या आजींच्या तोंडावर तो मारणारेही तितकेच.

मंडपाच्या छताला फ्लॅश मारणं

‘फ्लॅश वर फिरवा, बाउन्स करा’, म्हणजे उजेड छतावर आपटून खाली आणा, हे सगळ्यांनी व्हिडिओत ऐकलेलं असतं. तो व्हिडिओ पांढऱ्या छताच्या खोलीत केलेला असतो, हे कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडे वर लाल-पिवळं कापड. उजेड कापडाचा रंग घेऊनच खाली येतो.

मे महिन्यातलं लग्न, दुपारचा मुहूर्त. माझ्यासोबत आलेल्या पोराचा फ्लॅश सकाळपासून छताकडे. दोनदा टोकलं, तर म्हणे, “दादा, एडिटमध्ये काढतो ना!” रात्री फोटो उघडले तर भटजींचं पांढरं उपरणं शेंदरी आणि नवरीचा हिरवा शालू काळपट तपकिरी. व्हाइट बॅलन्स (अख्ख्या फोटोचा निळा-पिवळा तोल) फिरवून चेहरा जागेवर आणला की मंडपाच्या कडेला उजेडात बसलेले पाहुणे निळे पडायचे. एकाच फोटोत दोन रंगांचा उजेड असला की एक स्लायडर दोघांना न्याय देऊ शकत नाही. एकेक चेहरा वेगळा निवडून रंग सुधारत बसला बिचारा. एवढं करून अल्बम पाहताना नवरीच्या आईने विचारलंच, “आमचा शालू हिरवा होता ना हो?”

माझी सवय सांगतो. छत रंगीत दिसलं की फ्लॅशचं तोंड वर जात नाही. स्टँडवर पांढरी छत्री, गर्दीत स्टँड कलंडू नये म्हणून धरायला घरातलंच एखादं उत्साही पोरगं. गाडीत थर्माकोलची पांढरी शीट कायम पडलेली असते. आणि नवरीचं पोर्ट्रेट मंडपाच्या मधोमध काढतच नाही. तिला कडेला आणून तोंड बाहेरच्या मोकळ्या उजेडाकडे करतो. फ्लॅश लागतच नाही.

भर दुपारी ‘नॅचरल’

बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, नाकाखाली मिशीसारखी सावली. मग कोणीतरी फ्लॅश लावतो, पण बॅकग्राउंड ब्लर हवं म्हणून एफ/२.८, म्हणजे लेन्सचं मोठं उघडलेलं तोंड, सोडवत नाही. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००ला एफ/२.८वर शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातं. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सर्वात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० पर्यंतच. त्यापुढे गेलात की फोटोत काळा पट्टा, किंवा कॅमेराच शटर खाली ओढतो आणि सगळं पांढरंफटक. त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारा हाय स्पीड सिंक लावा, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते, त्यामुळे तो जवळ आणावा लागतो. लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावला तर १/२०० वर नेहमीचा सिंक चालतो. मला विचाराल तर व्हरांड्यात चला. पण घाईच्या मंडळींना सावली शोधायला पाच मिनिटं नसतात, एडिटिंगचे तयार प्रीसेट विकत घ्यायला मात्र पैसे असतात.

बाकीच्या, थोडक्यात

खिडकीचा उजेड वापरताना खोलीतला पिवळा बल्ब बंद करा. अर्धा गाल निळा, अर्धा पिवळा कोणालाच शोभत नाही.

सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) लांब नेला की उजेड मऊ होतो, हा गैरसमज. लांब नेला की कडक होतो. फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ घ्या.

उघड्या मैदानात फ्लॅशला प्लॅस्टिकची टोपी घालून काही होत नाही. आजूबाजूला भिंतीच नाहीत, नुसती बॅटरी संपते.

हॉलमधले एलईडी लुकलुकून फोटोत पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा.

टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) काळ्या शेरवानीला फसतं आणि चेहरा पांढराफटक करतं. कपडे गडद असले की मी फ्लॅश अर्धा-पाऊण स्टॉप कमी करतो.

आणि सावळ्या मुलीला गोरी दाखवायला फ्लॅश वाढवू नका. कपाळ चमकतं, शालूची जर पांढरी फुटते. घरच्यांनी ‘जरा उजळ करा’ म्हटलं तर मी तिला खिडकीकडे अजून थोडं वळवतो आणि ‘केलं’ म्हणून सांगतो.